हिंगाच्या पुड्यांतलं पुस्तक

पुडीआक्कांच्या घरात जेवढा हिंग होता तेवढा अख्ख्या पेठेत मिळून नसेल. कोनाड्यात हिंग, फडताळात हिंग, देवघरातल्या उदबत्तीच्या डब्यातसुद्धा हिंग. बाई एकटी, आमटी-भाकरी खाणारी. चिमूटभर आणला असता तरी महिनाभर पुरला असता. तरी रोज सकाळी त्या वाण्याच्या दुकानापुढे उभ्या राहायच्या, पुडी घ्यायच्या, घरी येऊन हिंग एकीकडे ओतायच्या आणि पुडीचा कागद मांडीवर पसरून त्यावरून हात फिरवायच्या. कागदासाठी हिंग घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी तेव्हा नवी सून होऊन कोल्हापुरात आले होते. माहेर गगनबावड्याचं, सदा पावसाचं. आमच्याकडे कपडे वाळत नाहीत आणि राग तर त्याहून वाळत नाही. त्यामुळे असेल, पण त्या गल्लीत मला सगळ्यांत आधी आवडल्या त्या पुडीआक्का. लोक त्यांना वेडी म्हणायचे. त्या वेड्या नव्हत्या, त्या सूड घेत होत्या, आणि सूड घेणाऱ्या माणसाला सकाळी उठायला जे कारण असतं ते पुष्कळ शहाण्यांना नसतं.

त्यांचे यजमान महाराजांच्या पागेत कारकून होते. घोड्यांचं वेड. पागेतल्या घोड्यांच्या हकिगती त्यांनी लिहिल्या, स्वतः चित्रं काढली आणि शिळाप्रेसवर हातात मावेल एवढं पुस्तक छापून घेतलं. पहिल्या पानावर छापलं होतं : ‘हे पुस्तक प्रथम माझी पत्नी सौ. गजराबाई हिने वाचले. तिला आवडले म्हणून छापले.’ ज्या काळात नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे, त्या काळात हे छापलं होतं. पुस्तकं छापखान्यातून आली, पेटीत भरून ठेवली, आणि एकही कुणाला द्यायच्या आत ते तापाने गेले.

आक्का सुतकात कोपऱ्यात बसलेल्या असताना त्यांचे धाकटे दीर, भाऊसाहेब, यांनी पेटी उघडली. पहिलं पान वाचलं. “घरातल्या बाईचं नाव छापून पेठेत वाटायचं? अब्रू हाय का न्हाय घराला?” असं म्हणाले आणि सगळी पुस्तकं वाण्याला रद्दीत घातली. आक्का कोपऱ्यातून उठू शकल्या नाहीत. पेटी रिकामी होताना त्यांना फक्त आवाज ऐकू येत होता. तेरावा उरकल्यावर त्यांनी दिरासमोर उभं राहून सांगितलं, “भावजी, एक एक पान परत आणीन. आनि एक दिवस ते तुमच्यासमोर वाढीन.” मग त्या घर सोडून आमच्या गल्लीतल्या खोलीत राहायला आल्या.

वाण्यांची रीत अशी की रद्दी आली की पुस्तकाची शिवण उसवायची, पानं सुटी करायची आणि आकाराप्रमाणे गठ्ठे लावायचे. मोठी पानं गुळाला, शेंगांना. लहान पानं हिंग, तपकीर, हळद, तिखट असल्या बारीक मालाला. आक्कांच्या यजमानांचं पुस्तक लहान, म्हणून ते बहुतेक हिंगात गेलं. पण इथेच भाऊसाहेब फसले. वैनीचं नाव कुणी वाचू नये म्हणून त्यांनी पुस्तकं घालवली, आणि वाण्याने ते नाव घरोघरच्या चुलीपर्यंत पोचवलं. त्यांनी पेटीला कुलूप घालून ठेवलं असतं तर एकाला कळलं नसतं.

“पुडी फाडू नगंस, सोडव.” हे आक्कांचं रोजचं वाक्य. गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्यांनी हे शिकवलं होतं. दोरा ओढायचा, कागद उलगडायचा, झटकायचा आणि आक्कांकडे न्यायचा. त्यांच्याकडे नसलेलं पान असलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि आधीच मिळालेलं असलं की त्या ते मला द्यायच्या, “घे, तू वाच.” मला अक्षरं जोडून वाचता आलं ते या जास्तीच्या पानांवर. एका पानावर तिखट इतकं मुरलं होतं की नदीला घाबरणाऱ्या घोडीची ती हकिगत मी दर वेळी शिंकत वाचली. सासूबाई विचारायच्या, “काय गं, पडसं झालंय व्हय?” मी म्हणायचे, “न्हाई आत्ती, वाचतोय.”

आमच्याकडे बायकाही ‘जातो, येतो’ म्हणतात, म्हणून सांगितलं.

जमलेल्या पानांचा ढीग बघायला मला फार आवडे. कुठलं पान हळदीने पिवळं, कुठल्याला खोबऱ्याचं तेल लागून ते असं पारदर्शक झालेलं की पुढच्या बाजूची अक्षरं मागच्या घोड्याच्या पाठीवर बसलेली दिसत. एकाच्या कडेला कुणाच्या तरी पोराने घोड्याला शिंगं काढली होती. जिल्द बांधणाऱ्या चाचांना आक्कांनी ती दाखवली, तेव्हा ते नाकाशी धरून म्हणाले, “आक्का, हिंगाचा वास काय जायचा न्हाई. पर कसर बी लागायची न्हाई याला.” आक्का म्हणाल्या, “वास ऱ्हाऊ दे. कुठं कुठं फिरून आलंय ते कळंल.”

तोवर भाऊसाहेबांना काही पत्ता नव्हता. एक दिवस ते तालमीच्या कट्ट्यावर मित्रांत बसले होते. एकाने तपकिरीची पुडी सोडली, कागद वाचला आणि मोठ्याने विचारलं, “भाऊसाहेब, ही गजराबाई म्हंजे तुमच्या थोरल्या वैनीच न्हवं?” सगळा कट्टा हसला. भाऊसाहेब तसेच उठले आणि त्या दिवसापासून दुकानं पालथी घालायला लागले. वाण्यांना दरडावून गठ्ठे सोडवायला लावायचे, पहिलं पान तेवढं वेचून काढायचं आणि घरी नेऊन चुलीत घालायचं. एकाच पुस्तकाची पानं दोघं जण शोधत होती, एक शिवायला आणि एक जाळायला. मला त्या माणसाचा तेव्हा जो राग आला तो आज लिहितानाही येतो आहे.

आणि तो जिंकत आला होता. आक्कांकडे बाकी सगळी पानं जमली, पण पहिलं पान मिळेना. सुरुवातीला ते इतकं सहज मिळायचं की त्या जपून ठेवायच्या नाहीत. “आपलंच नाव किती येळा ठेवायचं?” म्हणून बायकांना वाटून टाकायच्या, आणि बायकांनी ती पानं कधीच चुलीला लावली होती. गल्लीत सगळ्या घरी विचारून झालं. कुणाकडे नव्हतं. आक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. मी जवळ बसले तर म्हणाल्या, “पोरी, बाकी समदं घोड्यांचं हाय गं. तेवढं एक पान माझं हुतं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी कानातल्या बुगड्या मोडल्या आणि शिळाप्रेसवर गेल्या. मजकूर पाठच होता. एक पान पुस्तकासाठी छापून घेतलं, आणि बाकी पुड्याच्या मोठ्या कागदावर गठ्ठेच्या गठ्ठे. ते त्यांनी खोलीत रचून ठेवले. मी विचारलं, “आक्का, एवढ्याचं काय करणार?” तर म्हणाल्या, “थांब की जरा. भावजींच्या लेकीचा साखरपुडा ठरलाय.”

मुलाकडचे पाहुणे शिरोळचे, नदीकाठच्या जमिनीचे, तालेवार. साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच आक्कांनी त्या गठ्ठ्यांतला एकेक पेठेतल्या प्रत्येक वाण्याला फुकट दिला. नवा करकरीत कागद फुकट मिळाल्यावर वाणी कशाला वाचत बसतोय? पाहुण्यांनी गावातच साखर घेतली. वाण्याने ती त्या कागदात बांधली, वरून लाल कागद गुंडाळला.

विधवा म्हणून आक्कांना बोलावणं नव्हतं. मी गेले होते आणि मुद्दाम पुढे बसले होते. मुलीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी साखरेचा पुडा सोडला. ते जुन्या वळणाचे, छापील काही दिसलं की मोठ्याने वाचणारे. लाल कागद बाजूला केला आणि सुरू झाले : “‘हे पुस्तक प्रथम माझी पत्नी सौ. गजराबाई हिने वाचले. तिला आवडले म्हणून छापले.’” भाऊसाहेब अर्धे उठले. पण पाहुणे वाचतच होते, कारण आक्कांनी खाली स्वतःच्या चार ओळी घातल्या होत्या : “‘ते वारल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने सगळी पुस्तके वाण्याला घातली. हे मूळ पुस्तकात नव्हते. हे मी घातले. गजराबाई.’”

पाहुण्यांनी कागद खाली केला. “भाऊसाहेब, धाकटा भाऊ म्हंजे तुमीच की?” पाटावरची पोर रडायला लागली, तेव्हा पाहुणे म्हणाले, “उगी, बाळ. सोयरीक काय मोडत न्हाय. तुजा काय गुन्हा? पर मी घोड्यांचा नादी माणूस. ते पुस्तक मला आजच्या आज बघायचं हाय. चला भाऊसाहेब, दावा.”

“पुस्तक आक्कांकडं हाय,” असं मीच मांडवात सांगितलं आणि गल्लीबोळातून धावत पुढे आले. सगळी वरात आक्कांच्या दारात आली तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत पुस्तक घेऊन बसल्या होत्या. पाहुण्यांना म्हणाल्या, “देतो की पावणं. पर भावजींनी मागाय पायजे.”

भाऊसाहेब पडत्या आवाजात म्हणाले, “वैनी, चुकलं. माफ करा.”

“माफी देवाकडं मागा. माज्याकडं पुस्तक मागा.”

“...पुस्तक द्या.”

आक्कांनी पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. “वाचा. समद्यास्नी ऐकू जाऊ दे.” दिराने थोरल्या भावजयीचं नाव घ्यायचं नसतं, आणि तिथे अख्खी गल्ली उभी होती. भाऊसाहेबांनी नावापाशी थांबून इकडेतिकडे पाहिलं. कुणी सोडवायला आलं नाही. मग त्यांनी ते नाव वाचलं, पुढच्या चार ओळी वाचल्या, आणि शेवटी ते नाव पुन्हा वाचलं. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले.

मला वाटलं, झालं, आता पुस्तक आक्कांच्या मांडीवर राहील. पण त्यांनी ते पाहुण्यांच्या हातात ठेवलं आणि परत घेईनात. एवढ्या वर्षांनी जमलेलं, हिंगाने घमघमणारं ते एकुलतं एक पुस्तक शिरोळला गेलं. मी संतापून विचारलं, “आक्का, दिलंसा कशाला?” त्या शांतपणे म्हणाल्या, “हितं ठेवलं असतं तर मलाच दिसलं असतं. आता लेकीकडं गेला की त्याला दिसंल.”

तसंच झालं. व्याह्यांनी पुस्तक सोप्यात गादीशेजारी ठेवलं. कुणी आलं की ते काढायचे, पहिल्या पानापासून वाचायचे. भाऊसाहेब एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, मग त्यांनी जाणंच सोडलं. लेक निरोप धाडायची, पंचमीला तरी या म्हणून. एकदा ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आक्कांकडे येऊन रडली, “मोठी आई, ते पुस्तक परत मागून घ्या. आबा माज्या दारात येत न्हाईत.” आक्कांनी तिची वेणी घातली, हातावर साखर ठेवली, आणि पुस्तक मागवलं नाही. त्या पोरीचं मला वाईट वाटलं आणि वाटतं.

पुढे तापाची साथ आली तिच्यात आक्का गेल्या. जायच्या आधी त्यांनी माझा हात धरून एवढंच सांगितलं, “माज्या इस्तवाला त्याचा हात नगं.” मूलबाळ नव्हतं, रक्ताचं कुणी नव्हतं. रीतीप्रमाणे मडकं भाऊसाहेबांनीच धरायचं होतं. ते आले, अंगणात आंघोळ केली, ओल्या धोतराने दारात उभे राहिले आणि मडक्यासाठी हात पुढे केले. विस्तव भरलेलं मडकं माझ्यासमोर होतं. मी ते उचललं आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. “आक्का नगं म्हणून सांगून गेल्यात,” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. सासरे माझ्यावर ओरडले, चार माणसांनी समजूत घातली. भाऊसाहेब रडत होते. खरे रडत होते, ते मला दिसत होतं. ते म्हणाले, “पोरी, एवढं तरी करू दे.”

मी दारातून हलले नाही.