धोंडप्पानं निवडलेला वकील

उमरग्यात माझ्या शेजारी धोंडप्पाचं घर. अंगणात आकाशपाळण्याच्या लाल-पिवळ्या खुर्च्या आणि त्यांत शिवलीलावहिनींचे पापड वाळत घातलेले. जत्रांत पाळणा लावणं हा त्याचा धंदा. कागदोपत्री मात्र ‘प्रायव्हेट लिमिटेड’. एक डायरेक्टर धोंडप्पा, दुसऱ्या वहिनी. मी कुंपणावरून विचारायचो, “काय डायरेक्टर, आज मीटिंगला पिठलं का?”

वहिनी म्हणायच्या, “भावजी, तुमच्या जिभेचा पण विमा काढा.”

गेल्या वर्षी एका जत्रेत खुर्चीच्या दाराची पिन निसटली. बेंबळीची तारामती वरून पडली, कंबर मोडली. शेतात मजुरी करणारी बाई. आता चार पावलं चालायची तर आधार लागतो. तिनं भरपाईचा दावा लावला. धोंडप्पाकडं पाळण्याशिवाय काय होतं? पाळण्याचा विमा काढलेला होता; तो टिकला तरच तिला भरपाई आणि ह्याच्या पोटाला भाकरी.

विमावाल्यांची अट होती की वकील त्यांच्या माणसांतलाच घ्यायचा. बाहेरचा लावला तर खर्चही आपला अन् जोखीमही आपली. त्यांनी दोन नावं दिली. पहिल्या लातूरच्या दीपाली वकीलबाई. त्या फोनवरच म्हणाल्या, “मला पैसे विमावाले देतात. त्यांना कळू नये असं काही असेल, तर मला सांगू नका. आधी तुमचा स्वतःचा वकील गाठा.”

धोंडप्पा फणफणत माझ्याकडं आला. “बाई लई तुसडी!”

“तुला वकील पाहिजे का विहीणबाई?” मी म्हणालो.

दुसरा बसवराज. त्यानं फोन उचलला तो कानडीतच. धोंडप्पा हरखला. “नम्मवरू! आपलेच निघाले की!” झालं, निवड पक्की.

बसवराज घरी आला. वहिनींना अक्का म्हणाला, ज्वारीची भाकरी अन् शेंगाचटणी मागून मागून खाल्ली. धोंडप्पाचं मन भरून आलं आणि मोकळंही झालं. पिन झिजलीय हे आपल्याला आधीच माहीत होतं, हेही त्यानं बसवराजला सांगून टाकलं. जत्रा उरकली की बदलणार होता.

महिन्याभरात विमावाल्यांनी कळवलं, दोष माहीत असूनही पाळणा चालवला, सबब विमा लागू नाही. बसवराजनंही वकीलपत्र सोडलं. धोंडप्पानं माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

“माझ्या घरी जेवलात की हो तुम्ही.”

“व्हय अण्णा. चटणी झकास होती. पण त्यांना अहवाल द्यावा लागतो.”

त्या दिवशी मला चेष्टा सुचली नाही. वहिनींनी अंगणातले पापड उचलले आणि घरात नेऊन ठेवले.

तारखेला मी सोबत गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात तारामती बाकावर बसली होती. धोंडप्पा तिच्यासमोर उभा राहिला.

“तुमचा वकील कुठाय?” तिनं विचारलं.

“न्हाय. विमाबी गेला.”

“मंग माझं कोण देणार?”

“पाळणा विकतो मी, ताई.”

“ज्याच्यावरनं मी पडले तो? कोण घेणार त्यो?”

आतून नाव पुकारलं. त्यानं तिला उठवायला हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. भिंतीला धरून, थांबत थांबत उठली. तिच्या चालीनं चालत धोंडप्पा मागोमाग आत गेला.