जगाच्या सभेत एकच प्रश्न

माझ्या झेरॉक्सच्या दुकानातलं नेट चांगलं, म्हणून एक बाई महिन्यातून एकदा दुपारी इथं येऊन बसतात. इचलकरंजीत मागावर राबणाऱ्या बायकांसाठी त्या भांडतात. समतेचं काम करणाऱ्या देशोदेशीच्या माणसांनी त्यांना आपल्यात घेतलंय, त्यांची सभा नेटवर भरते. "ही सोबत जन्मभराची हाय बरं का," असं मला दर वेळी ऐकवतात.

कॅमेरा लागला की नमस्कार राहिला बाजूला, प्रत्येकाला आधी एकच प्रश्न, "यू ईट?" मला हसू यायचं. जगाच्या सभेत हे काय विचारणं?

परवा ब्राझीलची बाई या प्रश्नावर रडायलाच लागली. तिचं काम बंद पाडलं होतं, दोन दिवस घास उतरला नव्हता. सभा चालवणारा साहेब पुढचा विषय घ्यायला लागला, तर आमच्या बाईंनी हात वर केला. "थांबा की पावणं. तिला खाऊ दे आधी."

साहेबाला मराठी कळलं नसेल, हात कळला. ती पाव खाईपर्यंत आठ देश गप्प बसून होते.

त्या दिवशी दुपारी उशिरा घरी गेलो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "तू जेवलीस का?"

ती वाढता वाढता थांबली. "बरं हाय न्हवं तुमास्नी?"