दोन्हीकडून अर्धं

"भाई, तोंड गोड करा," असं म्हणत भीमरावांनी लॅबच्या खिडकीतून पेढ्यांचा पुडा आत सरकवला. माझ्या एका हातात टेस्ट ट्यूब होती. दुसऱ्या हाताने मी पेढा उचलला.

"आमच्या यमुनाची सोयरीक पक्की झाली. माह्या बहिणीच्या शंकरशी."

"शंकर? त्याच्या मोठ्या भावाचं, गोविंदाचं चाललं होतं ना?"

"चाललं होतं. पण रक्त तपासायच्या कॅम्पात गोविंदाचं रक्त साधं निघालं. शंकर अर्ध्याचा हाय, यमुनाही अर्ध्याची. अर्ध्याच्या रक्ताले मलेरिया खात नाही, हे तुमच्या साहेबानंच सांगतलं ना? आता दोन्हीकडून मजबूत. साधं रक्त कायले घरात घ्यायचं?"

मी पेढा तसाच टेबलावर ठेवला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. नोकरीभर लोकांची बोटं टोचली. आमचे अब्बा मोटार मेकॅनिक. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी गाडीचं ऑइल पाहतो, आमचा सलीम माणसाचं."

या 'ऑइल'मध्ये आमच्याकडे सापडतो तो सिकलसेल. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतून वाकून निघून जाते. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. मग नळीत अडकते, आणि पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. ते दुखणं ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. हा आजार आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक, आणि त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर पेशंट. आमच्या भागात वाहकाला 'अर्ध्याचा' आणि पेशंटला 'पुऱ्याचा' म्हणत. दोन अर्ध्यांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात पुऱ्याचं लेकरू होण्याची शक्यता चारात एक.

भीमराव आणि त्यांची बायको, दोघंही अर्ध्याचे. त्यांच्या घरात पुऱ्याची होती, यमुनाची थोरली बहीण सुमन. हाडं फुटायला लागली की ती आमच्याच वॉर्डात भरती व्हायची. इतकं समोर दिसत असताना भीमरावांनी ही सोयरीक केली. त्याला कारण झालं आमच्या साहेबांचं भाषण.

साहेब म्हणजे आमचे मेडिकल ऑफिसर. नागपूरचे, तरुण, मनापासून काम करणारे. वाहक निघालेली माणसं मान खाली घालून घरी जातात, हे त्यांनी कॅम्पमध्ये पाहिलं होतं. बाईचा रिपोर्ट असला तर तिचं माहेर निघायचं. म्हणून घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, गर्दी पाहून, त्यांनी माईक हातात घेतला आणि हे रक्त खराब नाही, त्याला इतिहास आहे, असं सांगायला सुरुवात केली.

इतिहास खरा आहे. या जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता आणि औषध नव्हतं. साध्या रक्ताची लेकरं मलेरियाने दगावायची, पुऱ्याची सिकलसेलने. अर्ध्याची त्यातल्या त्यात तगायची. ताप त्यांनाही यायचा, पण तो जीव घेईल असं कमी व्हायचं. जी जगली त्यांना पुढे लेकरं झाली आणि रक्तातलं हे अर्धं टिकून राहिलं. कोणी बसून ठरवलं नव्हतं. शास्त्रात याला नैसर्गिक निवड म्हणतात. आफ्रिकेत हेच झालं, अरबस्तानातही. भूमध्य समुद्राच्या काठी मलेरियाने थॅलेसेमिया टिकवला. तो आपल्याकडे सिंधी घरांतही दिसतो. आजार वेगळा, कारण तेच. यात शाप नाही की जातीचा डाग नाही. तुमचे पणजोबा किती डासांत राहिले, एवढाच प्रश्न.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, घोळ झाला. लोक अर्ध्याला अर्धं जोडून राहिले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, पण दोन वाहकांनी लग्न करू नये, हे मी सांगितलं होतं!"

"शेवटी सांगितलं साहेब. तोवर बाजारात भज्यांचा घाणा निघाला होता, लोक तिकडे पळाले होते."

"जा मग, आजच जा. जीप घे."

जीप कुठली? ती कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षं होती. रोजच्या पेपरात आमचा जिल्हा. दर आठवड्याला कुठली ना कुठली समिती यायची आणि दवाखान्याची जीप तिच्या मागे धावायची. सिकलसेल बघायला कोणी येत नव्हतं. मी भावाच्या गॅरेजमधून लुना काढली आणि निघालो.

भीमरावांच्या अंगणात वेचलेल्या कापसाचा लहानसा ढीग होता. त्यांची बहीण पार्वताबाई लग्नाचं बोलायला आलेलीच होती. आत यमुना भाकरी थापत होती. ओसरीवर बाजेवर सुमन पडून होती, गुडघ्यांना गरम फडकं बांधून. तिच्यासमोर 'पुऱ्याचं लेकरू' हा शब्द काढायचा कसा, हे मला कळेना. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, माझ्या बोलण्याची गाडी काही सुरू होईना. शेवटी म्हणालो, "भीमरावदादा, हे लग्न करू नका."

"काहून? नात्यातलं हाय म्हनून? तुमच्यात तं चाचाची पोरगी करते."

"करतात. आणि त्याचे रिपोर्टही मीच काढतो. नात्याचं नाही, रक्ताचं सांगतो."

"रक्ताचंच तं पाह्यलं आम्ही. भाई, नवं बी आलं ना, ज्याले बोंडअळी लागत नाही? तसंच हे रक्त. दोन्हीकडून तेच बी असन तं पीक उलटं पक्कं."

त्यांची चूक मला तिथे समजली. ती कापूसवाल्याचीच चूक होती, आणि तिच्यात डोकं होतं. म्हणून मी कापसावरच आलो. "दादा, त्या महागड्या बियाण्याच्या पिकाची घरची सरकी ठेवून तुम्ही पेरली होती ना?"

"पेरलती. त्याचं काय?"

"काय उगवलं?"

"काय उगवन? एकासारखं एक नाही. काही झाडं बरे, काही खुजे. काहीची तं अळीनं चाळण केली." ते हसले. "घरचं बी फुटते, भाई. सारेच जाणते."

"हेही तसंच फुटतं. दोन अर्ध्यांचं एकासारखं एक नाही होत. एखादं साधं, एखादं अर्ध्याचं, आणि एखादं..."

मी थांबलो. ओसरीवरून सुमनचा आवाज आला.

"भाई माह्याच्यासाठी थांबले, बाबा. मले बोलू द्या. एखादं माह्यासारखं. मी लहान असतानी रडत होती अन् मायले समजत नव्हतं कुठं दुखून राह्यलं. तुमी विसरले असान. यमुनाले नका देऊ हे."

भीमरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते कापसाकडे पाहत राहिले. मग उपरण्याने तोंड पुसलं. माझेही डोळे भरून आले, उगाच लपवत नाही.

पार्वताबाई पुढे सरकल्या. "भाऊ, दोन्ही पोट्टे माह्येच हायेत," त्या म्हणाल्या. "गोविंदाशी लावू. साध्यानं तं भेव नाही ना, भाई?"

"नाही. एक बाजू साधी असली तर लेकरू फार तर अर्ध्याचं होईल. पुऱ्याचं नाही होणार."

"पण गोविंदा रुसून बसला. साध्या रक्ताचा म्हनून टाकलं मले, म्हनते. त्याचा राग आता कोण काढन?"

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. "मी काढन," यमुना म्हणाली.

सुमनला हसू फुटलं. हसताना गुडघा दुखला, तरी ती हसत राहिली. या साऱ्या घोळात यमुनाला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

वेचणी संपल्यावर लग्न झालं. त्यानंतर काही काळाने यमुना तिची नुकतीच चालायला लागलेली मुलगी घेऊन लॅबमध्ये आली. बरोबर भीमराव आणि सुमन. आमची पहिली तपासणी सोपी असते. ट्यूबमधल्या औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त साधं. पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकल. अर्धं की पुरं, ते मात्र ही ट्यूब सांगत नाही, त्यासाठी रक्त जिल्ह्याला पाठवावं लागतं.

रेघा बुजल्या. मी ट्यूब पुन्हा उजेडात धरली. मग आठवलं, गोविंदाची ट्यूब मीच पाहिली होती, आणि जिल्ह्याचा रिपोर्टही साधाच होता.

सुमन खिडकीशी उभी होती. "पुऱ्याची तं नाही ना, भाई?"

"नाही. अर्ध्याची आहे. जिल्ह्याचा रिपोर्टही हेच सांगेल."

तिने भाचीला उचलून घेतलं. खरं तर डॉक्टरांनी तिला वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं. त्या दिवशी मी ट्यूब धुवायला घेतली.

साहेब बदलून जाईपर्यंत भाषण करत राहिले. मलेरियाचं सांगूच नका, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "मग यांना आपलं रक्तच वाईट वाटेल." तेही खरंच. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी लग्नाचं, मग मलेरियाचं, आणि भजी सगळ्यात शेवटी.