आनंदाच्या पायाची चौकशी

मिरकरवाड्याच्या जेटीवर गुणवंतीला बाजूला सारून कुणी पुढे गेलंय, असं तीस वर्षांत घडलेलं नाही. मासळीच्या लिलावाला ती उभी राहिली की भलेभले व्यापारी जपून बोलतात. अशी ही बाई रत्नागिरीतल्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डाबाहेर, पाच दिवस मांडीवर पिशवी घेऊन मुकाट बसली होती. बाजारात हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते सगळे.

आत तिचा नवरा आनंदा होता. आनंदा तांडेल, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. शिंगाळा माशाचा काटा त्याच्या उजव्या तळपायात घुसला, तेव्हा त्याने तो उपटून काढला, हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि आणखी आठ दिवस समुद्रात काढले. खलाशांसमोर तांडेलाने लंगडायचं नसतं, ही तिथली रीत. त्यात या गृहस्थाला दहा वर्षांचा मधुमेह. किनाऱ्याला लागेपर्यंत पाऊल सुजून टम्म झालं होतं. भरती करून घेताना मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले की आधी जखम साफ करून बघू, नाहीतर पाऊल काढावं लागेल.

त्या ‘नाहीतर’ने गुणवंतीची झोप उडाली होती. जखम साफ झाली, पट्टी बांधली गेली, पण पाऊल राहणार की जाणार हे कुणी सांगेना. मोठे डॉक्टर सकाळी दहाला राउंडला येत, तेव्हा विनोद नावाचा वॉर्डबॉय सगळ्या नातेवाईकांना बाहेर काढी. चारला नातेवाईकांना आत सोडत, तेव्हा डॉक्टर ऑपरेशनमध्ये. म्हणजे ज्याला माहीत आहे तो आत असताना हिने बाहेर राहायचं आणि ही आत गेली की तो गायब. ही व्यवस्था कोणी बसवली देव जाणे, पण बसवली होती पक्की. शिकाऊ डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणत, सर सांगतील. सिस्टर शमिका होती तशी भली पोरगी, पण तीस खाटांमागे एकटी. गुणवंती रोज तिला विचारी, “कसे हायत आमचे?” आणि ती चालता चालताच म्हणे, “ठीक आहेत, मावशी.”

खुद्द आनंदाला विचारून उपयोग नव्हता. तो तिथेही तांडेलच होता. कुणीही विचारलं तरी म्हणायचा, काय नाय, बरा हाय मी.

सहाव्या दिवशी सकाळी गुणवंती बाजारात तासभर टेकली. बर्फात ठेवलेली पापलेटं उरली होती, ती खपवायची होती. एक चष्मेवाली बाई आली आणि तिने विचारलं, “ताजं आहे ना हो?” गुणवंती सवयीने म्हणाली, “ताजंच हाय.” बाई पिशवी भरून गेली.

आणि गुणवंती तशीच कोयता हातात धरून बसून राहिली. ताजं आहे का, असं विचारणाऱ्याला आपण तीस वर्षं एकच उत्तर देत आलोय. जो कल्ला उचलून बघतो, पोटाला बोट लावतो, बर्फात कधी घातलं म्हणून विचारतो, त्याच्याशीच तेवढं आपण खरं बोलतो. मग आपण त्या सिस्टरला रोज काय विचारत होतो? स्वतःचाच तिला असा राग आला की उरलेली पापलेटं तिने शेजारणीच्या पाटीत लोटली आणि थेट रिक्षा पकडली.

चारला आत गेल्यावर ती शमिकाच्या टेबलासमोर उभी राहिली. “बाय, आज सकाळी साखर किती होती त्यांची? ताप हाय काय? पट्टी कधी सोडलीत?”

आता याला ‘ठीक आहे’ म्हणून कसं चालेल? शमिकाला फाइल उघडावी लागली. साखर तीनशे दहा. ताप दुपारपासून एकशे एक. पट्टी काल सकाळी बदलली होती, पुढची उद्या. वाचता वाचता ती स्वतःच जराशी थांबली. साखर कालपेक्षा बरीच चढली होती. पण शिकाऊ डॉक्टरांनी दुपारी पेशंटला विचारलं होतं आणि पेशंट म्हणाला होता, दुखत नाही.

गुणवंती आनंदाच्या खाटेपाशी गेली, पायाजवळ वाकली आणि तिने श्वास ओढला. मग शमिकाला हाक मारली.

“ह्यो वास काल नव्हता.”

फिनेलचा असेल, शमिका म्हणाली. आताच लादी पुसलीय.

“फिनेल मला कळतो,” गुणवंती म्हणाली. “पाटीत शंभर बांगडे असूंदेत, त्यातला नासायला लागलेला एक मी डोळे मिटून काढून देईन. टाचेच्या अंगाला नासतंय. उद्यापर्यंत नको थांबू, बाय. आता सोड.”

आनंदा खाटेवरून पुटपुटला, की अगो, कशाला त्यांना त्रास, मला काही होत नाही. गुणवंतीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शमिका वाकली. तिनेही वास घेतला, आणि थेट फोनकडे गेली. शिकाऊ डॉक्टर आले, पट्टी सुटली. वरची जखम स्वच्छ होती, पण टाचेपाशी दाबल्याबरोबर पू आला. अर्ध्या तासात मोठे डॉक्टर स्वतः खाली उतरले आणि दिवेलागणीपूर्वी आनंदाला ऑपरेशनला नेलं. काट्याचं नखाएवढं टोक आत मोडून राहिलं होतं, ते निघालं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं की हे कुणाच्या लक्षात आलं. शमिकाने गुणवंतीकडे बोट दाखवलं. डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर बसले. सहा दिवसांत पहिल्यांदा कुणी बसून बोलत होतं. पाऊल अजून वाचलेलं नाही, ते म्हणाले, पण आता वाचायची आशा आहे. उद्या सकाळपर्यंत थांबलो असतो तर तीही राहिली नसती. चार दिवस बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दहाला विनोद सगळ्यांना बाहेर काढू लागला. गुणवंती उठली नाही. “या थांबतील,” डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज राउंडला ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची आणि एकेक गोष्ट विचारायची. शिकाऊ डॉक्टर तिच्यासाठी आकडे तोंडपाठ करून येऊ लागले, न केले तर ती सोडत नव्हती. आनंदालाही तिने दम भरला, की इथे तुमचा कोणी खलाशी नाही, दुखेल ते सांगायचं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना हळूच सांगितलं, की रात्रीचं फार ठणकतं. डॉक्टर उलट खूश झाले. बधिर पायाला कळायला लागलंय, म्हणाले.

पाचव्या दिवशी त्यांनी पट्टी सोडली, बराच वेळ बघितलं, बोटांनी चाचपलं. गुणवंतीने प्रश्न विचारलाच.

“पाऊल काढायचं काय?”

“नाही. काढायचं नाही.”

“परत सांगा.”

“पाऊल राहणार, मावशी. दोन महिन्यांत चालतील.”

गुणवंतीने पदर तोंडाला लावला आणि सगळ्या डॉक्टरांसमोर हमसाहमशी रडली. मग डोळे पुसले, वॉर्डाचं दार उघडलं आणि बाहेर बाकांवर ताटकळलेल्या माणसांना खणखणीत आवाजात सांगितलं, “आमच्यांचं पाऊल राहिलं. तुमी पण एकेक करून आत या, डॉक्टर अजून हायत.”

विनोद दारात आडवा आला. गुणवंतीने त्याला बाजूला सारलं.