थडगी साफ करायचा सण

वाशी या तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत चीनचे सण शिकवायचे म्हणून मी पुस्तक चाळत होतो. नववर्षाच्या चित्रातल्या लाल फटाक्यांच्या माळेवर तिनं अलगद बोट ठेवलं. ते बोट फटाक्यांच्या दारूनं करडं पडलं होतं.

"म्या बी माळाच वळते, गुरुजी," ती म्हणाली. "आनि काय काय सण करत्यात ही लोकं?"

मी पानं उलटत सांगत गेलो. होड्यांची शर्यत, पुनवेचा चंद्र बघत गोडधोड खाणं आणि वसंतातला तो दिवस, जेव्हा घरची माणसं थडगी साफ करून पूर्वजांपुढं जेवण मांडतात.

तिथं तिनं मला थांबवलं. "म्हंजे मेल्यालं मानूस सापडतंय त्यांना."

मला काही कळेना.

"कारखान्याच्या शेडला जाळ लागला तवा माजी बहीण आत हुती. दोन दिस राख चाळली आमी. पायातलं एक जोडवं गावलं. सरणावर तेवढंच ठिवलं."

मी पुस्तक मिटलं. "आणि तुम्ही अजून तेच काम करता, मावशी?"

"तिच्याच जागंवर बसते," ती म्हणाली. "दुसरं काम कुठं हाय हितं?"

फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्याला ती उतरली आणि पदर खोचून झपाझपा कामाला निघाली. दिवाळी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या सणाशी आलो आणि मला पुढं वाचताच येईना. मुलं माझ्या तोंडाकडं बघत राहिली.