इंजिनाकडे तोंड असलेली खिडकी

इथे बाकीचे लोक आपले अतर्क्य अनुभव लिहितात ते मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलोही आहे. माझी सगळी नोकरी जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणे कंपनीत गेली. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचं — हे माझं काम. जे उगवून डोळ्यांसमोर येत नाही ते मानायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. घरातली देवपूजासुद्धा बायकोच करते.

तरीही लिहायला बसलोय. कारण यातली एक गोष्ट मला आजवर कुणी उलगडून सांगू शकलेलं नाही... आणि दुसरी मी मायशिवाय कुणाला सांगितलेलीच नाही.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला. जवळचं स्टेशन रांजणी. ऐंशीचं दशक होतं. लाइन तेव्हा मीटर गेज, इंजिन कोळशाचं, डब्यात लाकडी बाकं. मी नुकताच कंपनीत लागलो होतो. सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं. आम्हा रोजच्या लोकांना 'अप-डाऊनवाले' म्हणत, आणि आमच्या डब्यात आमचंच राज्य असायचं. गाडी परतूरहून यायची. परतूरची पोरं चढल्या चढल्या बाकांवर रुमाल, टोप्या, जेवणाचे डबे टाकून पुढच्या स्टेशनांवरच्या दोस्तांच्या जागा धरायची. कुणी विचारलं की एकच उत्तर — "माणूस आहे." हा शब्द कुणी मोडत नसे. म्हातारं असो की लेकुरवाळी बाई, रुमाल पडला म्हणजे माणूस आहे. आणि धरून ठेवलेली जागा तुम्ही परक्याला दिली, तर दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी रुमाल पडायचा नाही.

मी त्या टोळक्यात नवीन होतो. ती पोरं बाजारपेठेत वाढलेली, बोलण्यात तेज. मी खेड्यातला. माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं — कडक इस्त्रीचा शर्ट. ती इस्त्री अक्का करायची, तांब्यात निखारे भरून.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. त्या वर्षी ती दुखण्यामुळे सासरहून आमच्याकडे आली होती. अंगावर सूज, पोटात अन्न ठरत नव्हतं. गावच्या औषधाने गुण येईना, तेव्हा ठरलं की मी अर्धी रजा काढायची आणि सकाळच्या गाडीने नेऊन तिला जालन्याच्या दवाखान्यात दाखवायचं.

अडचण एकच होती. अक्काला लहानपणापासून गाडी लागायची. लिंबू हुंगून लोकांना बरं वाटतं, तिला उलट जास्त मळमळायचं. तिचा उपाय तिचाच होता — रानातल्या काळ्या मातीचं ढेकूळ पाण्यात ओलं करायचं, पदराच्या टोकात बांधायचं आणि वाटभर हुंगत राहायचं. शिवाय बसायला खिडकी पाहिजे, आणि तोंड इंजिनाकडे पाहिजे. इंजिनाकडे पाठ झाली की संपलं.

माय स्टेशनपर्यंत सोडायला आली होती. गाडी येताना दिसली तसं तिने माझा दंड धरला.

"बापू, खिडकीला बसव तिला. इंजिनाकडं तोंड करून. ध्यानात ठीव."

मी हो म्हणालो. आणि जागा गाठायला पुढे चढलो.

त्या दिवशी माझ्यासाठी धरलेली जागा नेमकी तीच होती — खिडकी, इंजिनाकडे तोंड. मी रुमाल उचलून बसलो. उठून अक्काला हाक मारायची, एवढंच बाकी होतं. गुडघ्यांवर टॉवेल पसरून मेंढीकोटचा डाव सुरू झालेला. तेवढ्यात ती गर्दीतून आत आली. पायात काही नाही, विटकं लुगडं, आणि पदराचं टोक नाकाशी धरलेलं. त्यातून माती हातावर ओघळत होती.

आमच्यात वसंता नावाचा एक जण होता. कुणाची टर उडवायची तर त्यानेच. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बाई, घरी भाकर न्हाई का? माती कामून खाऊन राह्यल्या?"

सगळे हसले. आणि मी... मीही हसलो.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. हसू आपोआप आलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तसं नव्हतं. मी ठरवून हसलो. कारण हसलो नसतो तर ती माझी कोण, हे सांगावं लागलं असतं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. वसंता तिला म्हणाला, इथं जागा नाही, सगळी माणसं आहेत. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीने सरकून तिला चार बोटं जागा दिली. तिथे ती टेकली — इंजिनाकडे पाठ करून, माझ्या अगदी समोर.

कोडी स्टेशन गेलं आणि तिला उलटी झाली. तिने पदराची झोळी केली आणि त्यातच केली. एक थेंबही कुणाच्या अंगावर किंवा खाली पडू दिला नाही. पोरांनी पाय वर घेतले, नाकं धरली. मी हलू शकलो नाही. मग तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून, परक्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली —

"भाऊसाहेब, जरा वारा येऊ द्या इकडं."

ज्याला तिने कडेवर खेळवलं, त्याला ती भाऊसाहेब म्हणाली. मी तिची ओळख दिली नाही हे तिला कळलं होतं, आणि माझी लाज तिने तिच्याकडून राखली होती. मी थोडा बाजूला कललो. तेवढंच. उठलो नाही.

जालन्याला पोरं पांगली, तसा मी प्लॅटफॉर्मवर मागे आलो. ती नळावर पदर धूत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर मान वर न करता म्हणाली, "शर्ट चुरगळला की रे तुझा." त्या सकाळबद्दल ती याशिवाय काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. नंतर म्हणजे किती... थोडेच दिवस. दवाखान्यात ठेवून घेतलं, पण दुखणं फार पुढे गेलेलं होतं. अक्का घरी परत आली नाही.

सगळं आटोपल्यावर मायने एकच विचारलं. "खिडकीला बसवलं होतंस ना तिला?"

मी म्हणालो, "हो."

मग हे वाक्य मायने धरून ठेवलं. कुणी सांत्वनाला आलं, की म्हणायची, माझ्या लेकीचं नशीब खोटं, पण शेवटच्या वाटेला भाऊ संगं होता, खिडकीला बसवून नेलं त्यानं तिला. वर्षानुवर्षं म्हणायची. मी तिथेच बसलेला असायचो.

पुढे लग्न झालं, जालन्यात घर केलं. लाइन ब्रॉड गेज झाली, कोळशाचं इंजिन गेलं. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला — उजेड-अंधार कळायचा, माणूस ओळखू यायचा नाही. ऑपरेशनसाठी तिला न्यायला मी गावी गेलो. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. ऐन उन्हाळा, लग्नसराई. रांजणीला गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. दारातल्या बायकांनी मायला हात देऊन वर ओढलं, आणि मागून लोटालोट झाली तसा मी खालीच राहिलो. धावत जाऊन पुढच्या दाराने चढलो. आंधळं माणूस, धक्काबुक्की... माणसांमधून वाट काढत तिच्यापर्यंत पोचेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

माय बसलेली होती. खिडकीला. इंजिनाकडे तोंड करून.

भोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक एका पायावर उभे होते. मी मायला विचारलं, कुणी बसवलं तुला?

"एका बाईनं. हात धरून आणलं, उठून जागा दिली. हाताला माती होती तिच्या." मग म्हणाली, "भाऊसाहेब मागं राह्यले का, म्हणली. तुला भाऊसाहेब कोण म्हणतं रे, बापू?"

मला कुणीच भाऊसाहेब म्हणत नाही. कंपनीत आडनावाने हाक मारतात, गावात बापू.

मी समोरच्या गृहस्थांना विचारलं, इथली बाई कुठे गेली? ते म्हणाले, कुठली बाई, मी परतूरपासून बसलोय, ती जागा रिकामीच होती. तर शेजारी उभा असलेला तरणा माणूस त्यांच्यावर उखडला. "काका, मी परतूरपासून उभा हाय. रिकामी असती तर मीच बसलो नसतो का? बाई होती ना. पदर नाकाला लावून बसल्ती." दोघांची बराच वेळ जुंपली. मी ऐकत होतो की नाही, आठवत नाही.

मायने मूठ उघडली. "हे देऊन गेली. मळमळलं तर हुंगा, म्हणली."

तिच्या तळहातावर काळ्या मातीचं ढेकूळ होतं. ओलं. बाहेर रानं भाजून निघालेली, नद्या कोरड्या — आणि त्या ढेकळाला बोट लावलं तर बोट ओलं होत होतं. मी आयुष्यभर ओल तपासण्याचंच काम केलंय. माझी चूक होत नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांचं एकदम करत नाहीत, एकाचंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ बसलो होतो. मायच्या डोळ्यावर पट्टी. मला तिच्या तोंडाकडे बघून सांगता आलंच नसतं, पण त्या पट्टीमुळे सांगता आलं. सगळं सांगितलं. रुमाल, वसंता, माझं हसणं, पदरातली उलटी, भाऊसाहेब.

डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं — काही दिवस डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी ती वेळ निवडली. हेही माझ्याच खात्यावर.

मायने हात चाचपत माझं मनगट शोधलं. "आत्ता न्हाई," म्हणाली. "घरी गेल्यावर रडीन."

परत जाताना गाडी जालन्यातच बऱ्यापैकी रिकामी झाली, म्हणून आम्हाला बसायला मिळालं. माय म्हणाली, इंजिनाकडं तोंड कुठल्या बाजूला येतं ते बघ. मी दाखवलं. तिने कनवटीचं ढेकूळ काढलं, माझा रुमाल मागून घेतला, त्यात गुंडाळून खिडकीच्या जागेवर ठेवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली. मी समोर, इंजिनाकडे पाठ करून.

गाडी सुटता सुटता गर्दी घुसली. पिशव्या घेतलेला एक माणूस खिडकीपाशी आला. रुमालाकडे बघून म्हणाला, "ही जागा?"

मायने पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे वळवलं आणि वाट बघत बसली.

मी म्हणालो, "माणूस आहे."

"कुठंय? गाडी तर सुटली."

सगळा डबा माझ्याकडे बघत होता, असं मला वाटलं. कुणी बघत नसेलही. मी म्हणालो, "माझी बहीण आहे. तिला गाडी लागते."

त्या माणसाने एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा मायकडे. मग "बरं" म्हणून पिशव्या खाली ठेवल्या आणि उभा राहिला. रांजणीपर्यंत तिथे कुणी बसलं नाही. एक बाई तर तिचं पोर त्या बाजूला झुकलं तसं त्याला ओढून म्हणाली, "तिकडं नको, त्यांचं माणूस हाय."

उतरताना मी रुमाल उचलायला गेलो, तर मायने हात मागे ओढला माझा. राहू दे म्हणाली. खाली उतरल्यावर गाडी हलली, ती खिडकी माझ्यासमोरून गेली. उन्हाने गज तळपत होते. मला काही दिसलं असं मी म्हणणार नाही, कारण दिसलं नाही.

घरी पोचल्यावर माय ओसरीवर बसली आणि म्हणाल्याप्रमाणे रडली. डोळ्याची काळजी मीही केली नाही.

मायला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माती एखाद्याच्या पिशवीतून पडली असेल, बाई खरोखरची असेल, उठून दुसऱ्या डब्यात गेली असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण त्या बाईला 'भाऊसाहेब' हा शब्द कुणी दिला? तो जिने उच्चारला ती एकच, आणि ज्याच्या काळजात रुतला तो मी. यापुढे माझी बुद्धी जात नाही.

एक सांगायचं राहिलं. पूर्वी मला कधी गाडी लागत नसे. आता लागते. रांजणी सुटली, कोडी जवळ आली, की पोटात ढवळायला लागतं. लोक भले असतात, म्हणतात, काका, इकडे या, खिडकीला बसा, इंजिनाकडे तोंड करून.

मी नको म्हणतो.