आरसा बायकोकडे

जंगलातल्या लांब कच्च्या वाटांसाठी मला फोर-बाय-फोर गाडी घ्यायची होती. व्हिडिओ पाहून पाहून मी अर्धा इंजिनिअर झालो होतो. बायको म्हणाली होती, "तुला आवडेल ती घे." म्हणून वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये मी एकटाच गेलो.

तिथे कुहीकडचं एक वयस्कर जोडपं आलेलं. गाडी चालवून दाखवायला सेल्समनने आम्हाला एकाच गाडीत बसवलं. स्टिअरिंगवर तो, शेजारी काका, काकू आणि मी मागे. काकूंच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून शेताकडच्या पांदणीतले धक्के त्यांना सोसत नव्हते. वर्षभर त्यांनी शेत पाहिलंच नव्हतं.

खड्डे सुरू होताच काकांनी समोरचा आरसा बायकोकडे वळवला.

"काकाजी, मले मागचं दिसून नाही राहिलं!" सेल्समन वैतागला.

"राहू दे गा थोडा वेळ."

परतल्यावर सेल्समनने विचारलं, "काकू, कशी वाटली?"

"मस्त हाय."

"ऑपरेशनच्या दिवशीबी मस्तच म्हणे ही," काका म्हणाले. "आरशात पाह्यलं मी, दारावरचा दांडा सोडला नाही तिनं. दुसरी दाखव."

दुसऱ्या गाडीतही काकांनी आरसा वळवला. त्याच खड्ड्यांत काकूंचा हात दांड्यावरून आपोआप खाली आला. पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "अजी, आपलं धान निसवलं असन का? लोंब्या आल्या असतीन."

काकांनी आरसा सरळ केला. "घे, पाह्य आता तुह्यं मागचं."

मी अजून गाडी घेतलेली नाही. पुढच्या वेळी बायकोला नेईन, मागे बसवीन, आणि कशी वाटली ते तिला मुळीच विचारणार नाही.